सहावी जागा

कोस्वत्त
११ जानेवारी १९९९

आदरणीय तात्ता,

पत्र आणि तिळाच्या गुळ्या दोन्ही पोचली. गुळ्या खोलीत आणेपर्यंत अर्ध्या उरल्या होत्या. कुमुदु जिन्यातच आडवी आली. कुमुदु म्हणजे माझ्या खोलीतली नवी मुलगी, बिबिलेची. तोंड भरलेलं असताना म्हणाली, "तुझ्या अम्माला सांग, पुढच्या वेळी माझ्या नावानं वेगळा डबा पाठवा, म्हणजे मला चोरी करावी लागणार नाही." तेव्हा सांगितलं.

या सत्रात आम्हाला कामगिरीचं मूल्यमापन हा विषय आहे. शिकवायला डॉ. वीरकोन आले आहेत. बरीच वर्षं परदेशात होते. पहिल्याच तासाला म्हणाले, "हा विषय मी फळ्यावर शिकवणार नाही. तुम्हीच कंपन्या व्हा." मग त्यांनी वर्गाच्या कंपन्या पाडल्या, प्रत्येकीत सहा जण. आमची कंपनी काथ्याचे ब्रश करते. म्हणजे कागदावर करते. बाजाराची पाहणी, खर्चाचा अंदाज, कामगारांची भरती, सगळं आम्ही ठरवायचं, दर आठवड्याला बैठक घ्यायची आणि ती इंग्रजीत चालवायची.

आता खरं सांगायचं ते. प्रत्येक कंपनीत एक मनुष्यबळ अधिकारी असतो. सत्र संपताना त्यानं एकट्यानं सहाही जणांना, स्वतःला धरून, पहिला ते सहावा असे क्रमांक द्यायचे. दोघांना एकच क्रमांक चालत नाही. सहावा येईल तो या विषयात नापास, मग कंपनीतले सहाही जण कितीही चांगले असोत. सर म्हणाले, मोठ्या कंपन्यांत असंच चालतं, आत्ताच सवय करून घ्या. आणि या विषयात नापास होणाऱ्याला मनुष्यबळ व्यवस्थापनाची चार वर्षांची विशेष पदवी मिळत नाही. त्यानं तीन वर्षांची साधी पदवी घेऊन बाहेर पडायचं. साधी पदवीवाले पुढे कुठे बसतात ते तुम्ही पेपरात बघता: कोलंबोच्या स्टेशनासमोर, नोकरी मागणारे फलक हातात धरून.

आमच्या कंपनीची मनुष्यबळ अधिकारी मी आहे. सरांनी हजेरीपट बंद केला आणि माझ्याकडे बोट केलं. "जी सगळ्यात कमी बोलते ती सगळ्यात जास्त ऐकत असणार," म्हणाले. सगळे हसले. आमचा असंका, ज्याला सगळे सुद्दा म्हणजे गोरा साहेब म्हणतात, तो बाहेर पडताना मला वाकून म्हणाला, "मॅडम, माझ्या पगाराचं बघा हं."

मला हसू आलं नाही, तात्ता. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर सहा नावं लिहिते आणि खोडते.

घसा बसला आहे, पण काळजी करू नका. ते कुप्पीमुळे. इथे कुप्पी म्हणजे बाटलीतला दिवा नव्हे. लेक्चर इंग्रजीत होतं आणि निम्म्या मुलांच्या डोक्यावरून जातं. मग ज्याला समजलं असेल त्यानं बाकीच्यांना गोळा करून सिंहलीत पुन्हा सांगायचं, त्याला कुप्पी म्हणतात. ही बॅचची जुनी रीत आहे. सध्या हिशेबाची आणि कामगार कायद्याची कुप्पी माझ्याकडे आहे. वाचनालयामागच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी.

अम्माच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची लेक,
उदेनी


कुडावेव
२० जानेवारी १९९९

माझ्या दुवे, माझ्या लेकी,

पत्र वाचलं. तुझ्या अम्मालाही वाचून दाखवलं. ती विचारते, मनुष्यबळ म्हणजे माणसं मोजणं ना, मग ते आपल्या कालव्यावरचा मुकादम रोज करतो, त्याला विद्यापीठात का नाही घेत? मी म्हटलं, तो मोजतो, पण क्रमांक देत नाही. यावर ती म्हणाली, "म्हणूनच त्याच्याशी कुणी भांडत नाही."

घाबरण्यासारखं यात काही नाही. मापणं हे तुला नवीन आहे का? सैन्यानं शाळा घेतली आणि बाकीचे शिक्षक गाव सोडून गेले, तेव्हा तुला मी आपल्या ओसरीवर शिकवलं. अकराव्या वर्षापर्यंत तू शाळेचं तोंड पाहिलं नाहीस. पण तुझ्या हातात मी पहिल्या दिवसापासून लाल पेन्सिल दिली होती. स्वतःचं गणित स्वतः तपासायचं, स्वतःच गुण द्यायचे. मी कधी मागून तपासलं नाही. एकदा तू एक चूक सोडून दिलीस आणि जेवायला बसल्यावर रडत उठून ती दुरुस्त करून आलीस, ते मला अजून आठवतं. ज्या मुलीला स्वतःला मापता येतं तिला पाच जणांना मापणं काय अवघड?

घसा जप. गरम पाण्यात धणे उकळून पी. लोकांना शिकवतेस हे चांगलं आहे, पण आपल्या अभ्यासाला वेळ उरू दे.

त्रिरत्नांचं शरण असो.

तात्ता


कोस्वत्त
९ फेब्रुवारी १९९९

आदरणीय तात्ता,

मला एका गोष्टीचं उत्तर हवं आहे. घाईघाईनं देऊ नका. पण लवकर द्या.

काल कंपनीची बैठक झाली. बैठक म्हणजे कँटीनमध्ये चहा. असंका म्हणाला, "हे क्रमांकबिमांक सोडा. चिठ्ठ्या टाकू. ज्याच्या नशिबात सहावा येईल तो येईल. म्हणजे कुणाचा कुणावर राग नको, आणि ही बिचारी उदेनीही सुटेल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या कंपन्यांनीही तेच ठरवलं आहे. कुमुदुही आमच्याच कंपनीत आहे, ती म्हणाली, "मी आजपर्यंत लॉटरीत काही जिंकले नाही, म्हणजे मी सुरक्षित." सगळे हसले.

पण क्रमांक देताना खाली मला सही करायची आहे की हे केवळ काम पाहून दिलेले आहेत. मी म्हटलं, मला तशी सही करता येणार नाही. मग असंका म्हणाला, "मग टीचर, तूच सांग कोण मरणार ते." मला बॅचमध्ये टीचर म्हणतात. चहा तसाच राहिला.

आता प्रश्न. कंपनीत एक मुलगी आहे. बैठकांत ती बोलत नाही. तिला विषय समजतो, पण इंग्रजीत तोंड उघडायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटते. सरांसमोर सादरीकरण होतं तेव्हा ती पाय दुखतो म्हणून मागे बसली. पाय दुखत नव्हता. बाकीच्यांपैकी कुणी चुकीचं बोललं, कुणी अडखळलं, एकीला तर वर्ग हसला, पण सगळे उभे राहिले. ही राहिली नाही.

मात्र कंपनीच्या कामाबाहेर ती इतरांना मदत करते. ती मदत नसती तर कंपनीतल्या काही जणांना आपलं काम जमलं नसतं. पण सरांनी दिलेल्या मोजमापात त्यासाठी जागा नाही. तिनंही ती गुण मिळावेत म्हणून केलेली नाही.

मुलांशी बोलते तेव्हा त्यांच्या मनात सहाव्या जागेसाठी दुसरंच एक नाव दिसतं. ते मी लिहीत नाही. ते नाव टाकलं तर कुणी हरकत घेणार नाही. पण मला ते खरं वाटत नाही.

ही मदत मोजायची का, तात्ता? मोजली तर ती मुलगी वर जाते. न मोजली तर ती सहावी आहे, यात मला शंका नाही. मला झोप लागत नाही. ताटातला भात तसाच ठेवून उठते. रोज वाटतं की मी उत्तर आधी ठरवलं आहे आणि कारणं मागाहून शोधते आहे.

उदेनी


कुडावेव
१७ फेब्रुवारी १९९९

माझ्या दुवे,

तुझा प्रश्न मी तीन संध्याकाळी घेऊन तलावाच्या बांधावर बसलो. घाई केली नाही.

चिठ्ठ्यांचं ऐकू नकोस. चिठ्ठी टाकून काम पाहिलं असं लिहिणं हे खोटं आहे, आणि सहा जणांनी मिळून बोललं म्हणून खोटं लहान होत नाही. तू तिथे नाही म्हणालीस हे वाचून मी अम्माला हाक मारली. ती म्हणाली, पोरगी उपाशी आहे ते वाचलंत का? वाचलं. जेव.

आता त्या मुलीबद्दल. तुला तिची दया येते ते अक्षरावरून दिसतं. पण बघ. तिनं मदत गुण मिळावेत म्हणून केली असेल तर ती मदत नव्हे, सौदा. आणि गुणांसाठी केली नसेल, तर आज तिच्या बदल्यात गुण देऊन तू तिचं दान विकतेस. दान मोजलं की दान राहत नाही, हे तुला मी सात वर्षांची असताना सांगितलं होतं. उभं राहायची वेळ आली तेव्हा ती बसून राहिली, वर पाय दुखतो म्हणून खोटं बोलली. ज्यांना हसले ते उभे राहिले. मापायचं ते हेच.

तिला सहावी कर. दयेचा हात वेगळा आणि मापाचा हात वेगळा ठेव. ती मुलगी चांगली असेल तर तुझ्यावर रागावणार नाही. उलट एक दिवस तुझे आभार मानेल की कुणीतरी तिला खरं सांगितलं.

कठीण आहे, पण म्हणूनच सरांनी हे काम तुला दिलं.

तात्ता


कोस्वत्त
२ मार्च १९९९

आदरणीय तात्ता,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. आज दुपारी क्रमांक सरांकडे दिले आणि सही केली. सरांनी वाचले, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचले. "नक्की?" म्हणाले. मी मान डोलावली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुणालाही हरकत घेता येते. मग यादी लागेल.

कंपनीतही सगळ्यांना क्रमांक वाचून दाखवले. कुणी हरकत घेतलेली नाही.

ती मुलगी रागावली नाही.

उदेनी


कुडावेव
१० मार्च १९९९

माझ्या दुवे,

शाबास. एवढं लहान पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस, पण त्यात सगळं आलं. मी ते पन्सलेत थोरल्या भिक्षूंना दाखवलं. त्यांनी तुझं रक्षण व्हावं म्हणून पिरित म्हटलं.

एक लिहायला विसरलीस. तुझा स्वतःचा क्रमांक कितवा? स्वतःला पहिली करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण दुसरी? तिसरी? अम्मा म्हणते विचारू नका. मी विचारतो. बाप आहे.

तात्ता


कोस्वत्त
१९ मार्च १९९९

आदरणीय अंकल,

मी कुमुदु. उदेनीच्या खोलीत राहते. तुमच्या घरच्या तिळाच्या गुळ्या मी खाल्ल्या आहेत, एवढ्या ओळखीवर लिहिते आहे. उदेनीला हे पत्र माहीत नाही. माझं अक्षर वाईट आहे, माफ करा.

अंकल, तुमचं दहा तारखेचं पत्र तिनं मला वाचून दाखवलं नाही. उशीखाली तुमच्या फेब्रुवारीच्या पत्राबरोबर ठेवलं होतं, ती दोन्ही मी घेऊन वाचली. चूक केली. पण तेव्हाच मला कळलं की तुम्हाला माहीतच नाही.

ती मुलगी उदेनीच आहे.

तिनं स्वतःला सहावी केलं. बैठकीत न बोलणारी तीच. पाय दुखतो म्हणणारीही तीच. आणि ती जी मदत म्हणून लिहिते ती कुप्पी आहे, अंकल. ती नसती तर आमच्या कंपनीत कुणाला खर्चाचा अंदाज करता आला असता? मला नफा आणि विक्री यातला फरक जानेवारीपर्यंत माहीत नव्हता. सुद्दा सादरीकरणात जे फाडफाड बोलला, ते आदल्या दिवशी उदेनीनं त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. सर "वा" म्हणाले ते त्याला.

ती आता खात नाही. आम्ही राहतो त्या घरच्या आंटींनी फणसाची भाजी केली, तिची आवडती, तर म्हणाली पोट भरलं आहे. लेक्चरला जाते, सगळ्यात मागे बसते, आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन आम्हाला कुप्पी देते. अजून देते! परवा मधेच थांबली आणि कुठे होते ते तिला आठवेना. फळा नसतो आमच्याकडे, हातात खडूही नव्हता, तरी खडू झटकावा तशी बोटं झटकत राहिली. काल म्हणाली, "साधी पदवी घेऊन मी तात्तांसमोर कशी उभी राहू, त्यांनी तर निकाल आधीच दिला आहे." मला तिच्याबद्दल भीती वाटते. तिला एकटी सोडत नाही मी, अंघोळीला गेली तरी बाहेर कपडे धुवत बसते.

तुम्ही या आणि तिला चार दिवस घरी घेऊन जा. तुम्ही सांगितलंत तर ती जेवेल. बाकी काही नको.

तुमची,
कुमुदु


कुडावेव
२४ मार्च १९९९

उदेनी,

तुझ्या मैत्रिणीचं पत्र आलं. तिच्यावर रागावू नकोस.

मला कळत नाही कुठून सुरू करू. मी ते लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं. तू प्रश्न लिहिलास आणि मी बांधावर बसून, तलावाकडे बघत, माझ्याच पोरीला सहावी केलं आणि वर दानाची शिकवण दिली. अम्मानं माझ्याशी बोलणं टाकलं आहे. काल ताट ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "दुसऱ्याची मुलगी असती तर बरोबर होतं ना सगळं?"

ते पत्र विसर. मी चुकीचं मापलं. कुप्पी हे दान नव्हे, काम आहे. कामगारांना शिकवून तयार करणं याला तुमच्या विषयात नाव आहे ना? तूच मागच्या वर्षी लिहिलं होतंस, प्रशिक्षण हा मनुष्यबळ विभागाचा अर्धा भाग. मग? मुदत आहे तोवर सरांकडे जा. हरकत घे. म्हण, माझ्याकडून राहून गेलं. तुला बोलता येत नसेल तर लिहून दे. सिंहलीत लिहून दे, त्यांची आई काही इंग्रजीत अंगाई म्हणत नसेल.

जेव. पोरी, जेव. मी हात जोडतो.

तात्ता


कोस्वत्त
२८ मार्च १९९९

आदरणीय तात्ता,

जेवते आहे. कुमुदु समोर बसून घास मोजते, तेव्हा खरं समजा.

हरकत घेणार नाही. रागानं म्हणत नाही. तुमच्यावर राग असता तर सोपं झालं असतं.

तुम्ही एक विसरता आहात. जागा सहाच आहेत. मी वर गेले तर कुणीतरी खाली येणार. पाचव्या जागेवर जे माणूस आहे ते सहावं होणार. ते माणूस मला माहीत आहे, ते रोज काय खातं, त्याच्या घरी त्याच्या पदवीची कोण वाट बघतं, हे सगळं मला माहीत आहे. सादरीकरणात वर्ग हसला तो त्याला. लाल कान घेऊन ते तसंच शेवटपर्यंत उभं राहिलं. मी मागे बसून बघत होते. मला उत्तर येत होतं, एक शब्द पुरवायचा होता. मी पुरवला नाही. आणि आता मी जाऊन म्हणू, कुप्पी मोजा, मला वर घ्या?

आणि मोजणारी मीच आहे. दुसऱ्या कुणाची कुप्पी असती तर कदाचित मोजली असती. माझी मी कशी मोजू? लाल पेन्सिल माझ्याच हातात आहे, तात्ता.

तुमचं पहिलं उत्तर बरोबर होतं. ती मुलगी कोण हे कळल्यावर ते बदलतं, म्हणजे मग ते माप नव्हतंच का? मला हे खरंच विचारायचं आहे. मला दुसरं कुणी नाही विचारायला. मी ओसरीवर जे शिकले त्याच्यावर उभी आहे. ते आता तुम्हीच काढून घेऊ नका. मला उभं राहायला काही उरणार नाही.

इथे येऊ नका. विनंती करते. मी एप्रिलमध्ये आपल्या नवीन वर्षाला घरी येईन, तेव्हा बोलू.

उदेनी


कुडावेव
३ एप्रिल १९९९

माझ्या दुवे,

मी येऊन गेलो.

तुला भेटलो नाही, कारण तू भेटली असतीस तर मला परत पाठवलं असतंस. पहाटेच्या गाडीनं निघालो. दोन ठिकाणी सैनिकांनी उतरवलं, पिशवीतली विड्याची पानं उलटीपालटी करून पाहिली. एकजण म्हणाला, "मास्तर, लग्न आहे का?" मी म्हटलं, परीक्षा आहे.

डॉ. वीरकोन माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. मी त्यांच्यासमोर पानांची जुडी धरली आणि वाकलो. ते खुर्चीतून उठले, घाबरले, "असं करू नका," म्हणाले. पण पानं घेतली. घेतल्यावर ऐकावंच लागतं. परदेशात राहिले तरी ते विसरलेले नाहीत.

ते म्हणाले, "तुमच्या मुलीला मी सहावी केलेलं नाही. तिनंच केलं." मी म्हटलं, "म्हणूनच आलो. ती स्वतःचा पेपर तपासते तेव्हा नेहमी कमी गुण देते. ही सवय मी लावली." मग कुप्पीचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या वर्गाची निम्मी मुलं ज्यावर पास होतात ते त्यांना माहीत नव्हतं! त्यांनी शिपायाला पाठवून तुझ्या कंपनीतल्या पाचही जणांना बोलावलं. तू तेव्हा वाचनालयात होतीस म्हणे.

त्या गोऱ्या साहेबानं कबूल केलं की त्याचं भाषण तू बसवलंस. एक उंच, सडपातळ मुलगी होती. ती सगळ्यात जास्त बोलली. इंग्रजीत सुरू करायची, अडकायची, मग सिंहलीत यायची, पण थांबली नाही. कुठली कुप्पी कधी झाली, कुणाला काय आलं नव्हतं, सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, "याचा परिणाम काय होईल ते समजतं ना?" ती म्हणाली, "समजतं, सर." मला ती पोरगी फार आवडली.

सरांनी तुला तिसरी केलं आहे.

तुझं पत्र खिशात घेऊनच गेलो होतो. कुणीतरी खाली जाणार हे मला ठाऊक होतं. तूच लिहिलं होतंस. मी नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित जुडी परत घेऊन आलो असतो, म्हणून विचारलं नाही.

मला तू हवी होतीस. बस.

नवीन वर्षाच्या मुहूर्ताआधी घरी ये. अम्मा बोलायला लागली आहे.

तात्ता


कोस्वत्त
९ एप्रिल १९९९

आदरणीय तात्ता,

आज यादी लागली. मी तिसरी आहे. विशेष पदवीला माझा प्रवेश पक्का झाला.

सरांनी वर्गात माझं उदाहरण दिलं. म्हणाले, दिसत नाही ते कामही मोजायला शिका. पुढच्या वर्षीपासून मोजमापात त्यासाठी जागा ठेवणार आहेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सहावी जागा मात्र तशीच राहणार आहे.

मी सरांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाले, मला परत सहावी करा. सगळं बोलले मी, तात्ता. का, कशासाठी, नियमात कुठे बसतं, पाचव्या माणसानं काय केलं आणि मी काय केलं नाही. एकदाही अडखळले नाही. बोलता बोलता मलाच माझा आवाज ऐकू येत होता, आणि वाटत होतं, ही कोण बोलते आहे? सर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे तू बैठकांत बोलली असतीस तर मी तुला पहिली केलं असतं." आणि म्हणाले, आता क्रमांक बरोबर आहेत, बरोबर असलेलं मी बदलत नाही.

मी खोलीवर आले तेव्हा कुमुदु पेटी भरत होती.

ती म्हणाली, "रडू नकोस हं, नाहीतर मलाही रडावं लागेल आणि माझी बस आहे." मी विचारलं, तू तात्तांना पत्र का लिहिलंस? म्हणाली, "मला काय माहीत ते एवढी जुडी घेऊन येतील! मला वाटलं तुला चार दिवस घरी नेतील, भात खाऊ घालतील." मी म्हटलं, आणि सरांसमोर? तिथे तर गप्प बसता आलं असतं. ती पेटीवर बसली, कडी लागत नव्हती. म्हणाली, "दोन मार्चला तू मला पाचवी केलंस, तेव्हा मला समजलं होतं सहावी खरी कोण. सगळ्यांना समजलं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी गप्प बसले. तुझ्या पाठीवर बसून पास झाले असते मी. महिनाभर तुझे घास मोजत होते ते काय उगाच? परत एकदा गप्प बसायला जमलं नाही, बस एवढंच." मग म्हणाली, "कडी लाव ना, मी दाबते."

मी कडी लावली. तिची पेटी बसपर्यंत दोघींनी धरून नेली. बस सुटताना तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, "अंकलना सांगू नकोस, त्यांना मी आवडले आहे!" हे तिला कुणी सांगितलं माहीत नाही. तुम्ही तिच्याकडे बघून हसला असाल.

तर ती उंच, सडपातळ मुलगी कुमुदु होती. पत्र लिहिणारी कुमुदु, पाचवी कुमुदु, आता सहावी. सत्र उघडलं की साध्या पदवीच्या वर्गात बसेल. तिच्या घरात ती पहिली विद्यापीठात आलेली, तिच्या थोरल्या भावानं गावातल्या बसथांब्यावर तिच्या नावाचं अभिनंदनाचं कापड लावलं होतं. ते अजून तिथे आहे म्हणते.

तुम्ही नाव विचारलं नव्हतंत. तिनं सांगू नको म्हटलं होतं. दोघांचंही ऐकलं नाही मी.

मी नवीन वर्षाला घरी येणार नाही. जेवते आहे, अम्माला सांगा. मला बरंही आहे. पण तुमच्यासमोर ओसरीवर बसून मी आत्ता काही विचारू शकणार नाही, आणि न विचारता तिथे कसं बसतात ते मला येत नाही.

मुहूर्ताच्या आधी तिला पत्र पोचेल असं लिहा. मोठ्या माणसाचं पत्र आलं तर तिच्या घरी तिला जरा बरं जाईल. काय लिहायचं, ते मात्र मला विचारू नका.

उदेनी

कुमुदु रत्नमाली,
कित्तुलगहवत्त,
बिबिले.